सतराव्या प्रश्नाचं उत्तर

"दोन पेपर, एकच चूक." उपमुख्याध्यापक हॉलिफिल्ड सरांनी दोन्ही पेपर टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. "हा किओनाचा. हा ब्रिनचा. चाळीसपैकी एकोणचाळीस बरोबर. दोघींचं सतरावं चुकलं, आणि चुकीचं उत्तरही अगदी तेच."

व्हर्नेल टूलीनं पेपरांकडे पाहिलं नाही. कोंबड्या सोलायच्या कारखान्यातून ती तशीच आली होती. केसांच्या जाळीचा वळ कपाळावर अजून होता. शेजारी तिची आठवीतली मुलगी, किओना, हात मांडीखाली दाबून बसलेली.

येताना वाटेत शिक्षेची खोली लागली होती. दाराच्या काचेतून दिसलं. भिंतीकडे तोंड करून सात मुलं. सातही काळी, किओनासारखीच. व्हर्नेलनं चालता चालता मोजली होती.

"ब्रिन किओनाच्या पुढच्याच बाकावर बसते." सरांनी वर्गातल्या बाकांचा तक्ता पुढे सरकवला. "मंगळवारी गणिताच्या डेन्टन बाई रजेवर. दहाच्या तासाला बदलीवरच्या बाईंनी परीक्षा घेतली, त्यांना मुलांची नावंसुद्धा माहीत नाहीत. हिनं संधी साधली, दुसरं काय."

"ब्रिनला विचारलंत?"

"तिला कशाला?" सर हसले. "अहो, ती आमच्या ऑफिसात मदत करते. कुठलाही कागद तिच्या हाती बिनघोर पाठवावा. ही फाईलसुद्धा आत्ता तिनंच आणून दिली."

किओनाचं तोंड उघडलं. आईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तोंड मिटलं.

सरांनी ते पाहिलं. मान हलवली. शिक्षेची कोरी चिठ्ठी पुढे ओढून पेनाचं टोपण काढलं.

ही चौथी. वर्षात चार झाल्या की राज्याच्या विज्ञान विद्यालयातली जागा रद्द. एप्रिलमध्ये आलेलं निवडीचं पत्र व्हर्नेलच्या फ्रिजवर लावलेलं होतं.

"मुलीचं वागणं आधीपासूनच असं आहे, टूलीबाई. फाईलच सांगते."

"मग वाचा ना, सर. मोठ्यानं वाचा."

चिठ्ठी पहिली. १२ सप्टेंबर. वर्गात मोठ्याने हसणे. एक दिवस घरी.

"आमच्याकडे हसलं तर मुकादम नुसता ओरडतो," व्हर्नेल म्हणाली.

"टूलीबाई, हा विनोद नाही."

"नाही, सर. पुढची."

चिठ्ठी दुसरी. २३ जानेवारी. पहिल्या चिठ्ठीबद्दल खुलासा करू लागली. उलट उत्तर देणे. दोन दिवस घरी.

"तेव्हाच सांगितलं मी हिला. शाळेत तोंड उघडायचं नाही. काहीही झालं तरी."

"छान केलंत," सर म्हणाले. "पण आज बोलली असती तर तिचंच भलं झालं असतं."

"असेल. तिसरी राहिली, सर."

"तीही तसलीच असणार. दिवसाला वीस-पंचवीस चिठ्ठ्यांवर सह्या करतो मी. कुठली कुठली लक्षात ठेवू?"

"म्हणूनच म्हणते, वाचा. तुमच्या तोंडून ऐकू दे."

किओनानं पहिल्यांदाच मान वर केली.

सरांनी घड्याळाकडे पाहिलं, पान उलटलं आणि तशाच खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

चिठ्ठी तिसरी. मंगळवार, ६ मे. शाळेत दोन मिनिटे उशिरा येणे. दिवसभर शिक्षेची खोली, वर्गात बसायचे नाही. गणिताचा पेपर तिथेच सोडवला, साडेआठ ते साडेनऊ. सोडवलेला पेपर वर्गात पोचवण्यासाठी दिला: ब्रिनकडे. सही: गॅरेट हॉलिफिल्ड.