खुब्याचा गोळा

फिजिओथेरपिस्ट रेहाना मॅडमनी सावनीच्या एक्स-रेचा मोबाइलवर फोटो काढला आणि ॲपमध्ये त्यावर बोटानं रेघा जुळवल्या. आकडा आला, बेचाळीस.

"खुब्याचा गोळा खोबणीतून बेचाळीस टक्के बाहेर सरकलाय. गेल्या वर्षी बावीस होता. आता सर्जनना दाखवायलाच हवं. कपडे बदलताना रडते का?"

सेरेब्रल पाल्सीमुळे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे, स्नायू ताठरलेल्या सावनीला सात वर्षांत एक शब्द बोलता आला नव्हता. तिच्या आईची, यमुनाची, मान खाली गेली. "रडते. मला वाटायचं, हट्ट करते. परवा तर मी फटकासुद्धा दिला, मॅडम."

मॅडमनी तिच्या हातावर हात ठेवला. "तुम्हाला माहीत नव्हतं. अजून वेळ गेलेली नाही."

घरी सुदामनं बायकोचं सगळं ऐकून घेतलं. "ऑपरेशननं पोर चालायला लागेल?"

"नाही."

"मग कशाला उगाच चिरफाड?"

"दुखायचं थांबावं म्हणून," यमुना म्हणाली. "तिला सांगता येत नाही. मलाही कळलं नाही. तुम्ही एकदा तिचा पाय बाजूला घेऊन बघा."

सुदाम लेकीजवळ बसला. त्यानं तिचा गुडघा अलगद बाहेर वळवला. सावनी कळवळली आणि तिनं बापाच्याच सदऱ्याची बाही मुठीत आवळून धरली. त्यानं घाईनं पाय होता तसा ठेवला. ती मूठ सोडवायचा मात्र त्याला धीर होईना.

मग यमुनाकडे न बघताच म्हणाला, "कधी न्यायचं?"