विनोदी लेखकाची बायको

मंडईतून आणलेला घेवडा निवडता निवडता वेणूबाई नातीच्या, पूर्वाच्या प्रबंधातलं पहिलं प्रकरण ऐकत होत्या. इंग्लंडातला म्हणे थोर विनोदी लेखक! बायकोच्या वेंधळेपणावर त्याने पुस्तकांमागून पुस्तकं लिहिली, जग पोट धरधरून हसलं. घरात मात्र महिना महिना तिच्याशी एक अक्षर बोलायचा नाही.

“मेल्याची बोटं कशी झडली नाहीत लिहिताना!” वेणूबाई कडाडल्या. “आणि त्या बाईला कुणी विचारलं का, तुला हसू येतं का म्हणून?”

“आता कोण विचारणार, आजी? ती केव्हाच वारली.”

“हं. आणि दुसरं प्रकरण कुणावर?”

“आपल्या आजोबांवर! अख्ख्या महाराष्ट्राला हसवलं त्यांनी.”

वेणूबाईंनी घेवड्याचं ताट बाजूला सारलं.

“मग विचार. मी अजून जिवंत आहे.”