भोंग्याचा सूर

शववाहिनी धूळ उडवत फाटकाबाहेर गेली आणि पेटीजवळ भोंगा एकटाच उरला.

पेटीत कोण आहे हे त्याला माहीत नव्हतं. इस्पितळात वारलेला कुणी म्हातारा. ना नाव, ना नातेवाईक. गळ्यात लाकडी क्रूस सापडला म्हणून त्याला या कबरस्तानात पाठवलेलं. पाळकांनी इस्पितळातच प्रार्थना केली होती आणि ते दुसऱ्या गावी एक लग्न लावायला निघून गेले होते. आता फक्त माती द्यायची राहिली होती.

पण भोंग्याच्या घरची रीत वेगळी होती. त्याचा बापही इथेच कबरी खणायचा. तो म्हणायचा, "राव असो की रंक, गाणं झाल्याशिवाय माती नाही." भोंग्यानं नळावर हात धुतले, टोपी काढून खिशात कोंबली, घसा खाकरला आणि डोळे मिटून निरोपाचं गीत सुरू केलं.

भोंगा हे नाव त्याला उगाच पडलं नव्हतं. गिरणीचा भोंगा परवडला, तो निदान एका सुरात तरी वाजतो, असं लोक म्हणत.

मेंदीच्या कुंपणापलीकडे, एके काळी ख्रिस्ती देवळात गाणं शिकवणारे मास्तर आपल्या बायकोच्या कबरीपाशी बसले होते. त्या आवाजानं ते दचकले. मग ओळख पटली आणि नकळत हसू आलं. कितीतरी वर्षांपूर्वीच्या गुरुवारच्या संध्याकाळी त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या. देवळामागची ती लांबट खोली. पायानं हवा भरायचा जुना बाजा. कामावरून थेट आलेली पोरं, दमलेली, तरी गायला उतावीळ. पहिल्या बाकावर बाई. मास्तरांची बायको म्हणून सगळे तिला बाईच म्हणत. तिनं पहिली ओळ उचलली की खोलीतली कुजबुज आपोआप थांबायची. आणि मागे, दाराजवळ, तरणाताठा भोंगा, छाती फुगवून, सगळ्यांच्या वरताण.

शेवटी मास्तरांनीच एकदा बाजा थांबवला होता. "बाबा रे, देवानं तुला हात दिलेत. गळा द्यायला मात्र तो विसरला बघ."

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं भोंगा हसला. पुढच्या गुरुवारपासून तो गायला उभा राहिला नाही, पण यायचा थांबलाही नाही. लवकर येऊन बाकं पुसायचा, दिवे लावायचा आणि गाणं संपेपर्यंत पायरीवर बसून राहायचा.

आता ती पोरं पांगली होती. बाज्यावर चादर पडली होती. गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. त्या दिवशी सगळी मंडळी गायली, एकटे मास्तर गप्प उभे होते. तेव्हापासून त्यांच्या तोंडून सूर उमटला नव्हता. घशाला काही झालेलं नाही, असं डॉक्टर म्हणत.

दुसऱ्या कडव्यात भोंगा सुरावरून घसरला. असा घसरला की मास्तरांचा हात सवयीनं वर गेला. ते काठी टेकत उठले आणि कुंपणाला वळसा घालून पेटीपाशी आले.

भोंग्यानं डोळे उघडले. तो ओशाळला. "मास्तर! तुम्ही इथं आहात हे ठाऊक असतं तर हळू म्हटलं असतं."

"हळू कशाला? सुरात म्हण."

"ते काही या जन्मी जमायचं नाही. तुम्हीच म्हणा ना. बिचाऱ्यामागे रडायलाही कुणी नाही. जाताना तरी काहीतरी धड कानावर पडू दे."

मास्तरांनी श्वास घेतला. तोंड उघडलं. आतून नुसती हवा आली. त्यांनी मान खाली घातली. "मला नाही येत आता."

भोंग्यानं का, कशानं, असं काही विचारलं नाही. "असू दे. म्हणतो मीच. बाई होत्या तेव्हा बरं होतं."

"बाई? कुठल्या बाई?"

"आपल्या बाई. असं बेवारशी कुणी आलं की मी निरोप धाडायचो. हातातलं काम टाकून यायच्या. तुम्ही उभे आहात ना, तिथंच उभ्या राहायच्या. आम्ही दोघं मिळून म्हणायचो."

मास्तरांना आठवलं. बाहेर पडताना ती नुसतं 'आलेच हं' म्हणायची. कुठे जातेस, असं त्यांनी कधी विचारलं नव्हतं. देवळात कुणाचा सूर केसभर हलला तरी जिच्या कपाळाला आठी पडायची, ती या माणसाशेजारी उभी राहून गायची?

"अरे, तिला सहन तरी कसं व्हायचं?"

"मीही तेच म्हटलं होतं. म्हटलं, बाई, तुम्ही म्हणा, मी आपला गप्प राहतो. तर मलाच रागावल्या. म्हणाल्या, ज्यानं जीव ओतून कबर खणली त्यानंच गप्प राहायचं होय रे?"

मास्तरांनी काठी बाजूला ठेवली. मग त्यांनी हळूच विचारलं, "कुठल्या सुरात म्हणायची ती?"

"माझ्याच," भोंगा म्हणाला. "मी घसरलो की त्याही घसरायच्या. म्हणायच्या, आज घरची माणसं आपणच. घरच्यांनी एकमेकांना सोडून जायचं नसतं."

त्यानं पुन्हा डोळे मिटले आणि गीत पहिल्यापासून धरलं. पहिलं कडवं कसंबसं पार पडलं. दुसऱ्यात, नेमक्या त्याच ओळीवर, तो घसरला.

या वेळी त्याच्याबरोबर मास्तरही घसरले.