बाटलीचं तोंड

पवना धरणाला वळसा घालणाऱ्या रस्त्यावर मी दर रविवारी एकटाच सायकल मारतो. आज तिकोणा पेठेच्या अलीकडे बाटली तोंडाला लावली आणि तंबाखूचा भपकारा आला. बाटलीच्या तोंडावर काळी, ओली मिशरी होती. शी! कुणाचं तरी उष्टं.

पेठेत टपरीवाल्या सरूबाईंनी बाटली राखेनं घासून पुन्हा भरून दिली.

"मावशी, इथे मिशरी कोण लावतं?"

"हितं न्हाई कुणी लावत, बाबा," माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या.

पुढच्या चढावर बाटली काढली. पुन्हा मिशरी, आणि आता ती कोमट होती. बाटली झाडीत भिरकावली आणि तोंड घट्ट मिटून पेडल मारत सुटलो.

माझे दोन्ही हात हँडलवर होते. तरी मिटल्या तोंडात, हिरड्यांवरून, एक खरखरीत बोट सावकाश फिरत होतं.