घरपोच वॅक्सिंग

सुनेच्या गोळ्या घेऊन झाल्या होत्या. आता वाट बघण्याखेरीज काम नव्हतं. पार्लरवालीने आतून कडी लावली, वॅक्सचा हीटर चालू केला आणि पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसली. हीटर नुसता वासासाठी. जिला पोट पाडायचंय पण दवाखान्यात जायची सोय नाही, तिच्याजवळ गटातल्या एकीने बसायचं आणि का म्हणून विचारायचं नाही, अशी या बायकांच्या गुपचूप चालणाऱ्या गटाची रीत. घरात सासू असली की पार्लरवालीलाच धाडत. वॅक्सिंग चाललंय म्हटल्यावर खोलीत कोण डोकावतंय?

कळ आली तशी सून कुशीवर वळून कण्हली.

“अगं, केसच काढतेय ना ती?” बाहेरून सासूबाई. “की कातडं सोलतेय?”

“पहिल्यांदाच आहे ना काकू, होतं असं!” पार्लरवाली आतून ओरडली आणि तिने गरम पाण्याची पिशवी सुनेच्या पोटाशी सरकवली.

गटातल्या नर्सचा फोन आला. ताप आहे का? रक्त फार जातंय का? “नाही, सगळं बेतात आहे,” पार्लरवाली हळूच म्हणाली.

दुपार कलल्यावर सून खोलीतल्याच बाथरूममधून भिंत धरत बाहेर आली.

“झालं वाटतं,” ती म्हणाली. दूध उतू गेलं म्हणावं, तशी.

“रडायचं तर रड गं.”

“नाही येत रडू. काहीच वाटत नाहीये.”

“तेही चालतं.”

पार्लरवाली सामान आवरायला लागली आणि एकदम तिने कपाळावर हात मारून घेतला. अगं बाई! सुनेचे हात होते तसेच होते. दिवसभरात एक पट्टी ओढली नव्हती. तिने घाईघाईने उजव्या हाताला वॅक्स फासलं, पट्टी चिकटवली, ओढली. सुनेची पापणीही हलली नाही. एक हात कसाबसा झाला आणि दारावर थाप पडली. पार्लरवालीने सुनेची डावी बाही मनगटापर्यंत ओढली आणि कडी काढली.

सासूबाईंनी सुनेचा उजवा हात हातात घेऊन वरून खाली कुरवाळला.

“मऊ झाला हो! पण एवढ्याशासाठी केवढं ते कण्हणं? मग बाळंतपणात काय करशील गं?”

पार्लरवालीला मान वर करवेना.

सुनेने डावी बाही कोपरापर्यंत सारली आणि हात पार्लरवालीपुढे धरला.

“हा राहिलाय,” ती म्हणाली. “दार राहू दे उघडं.”