बुरैद्यातला गव्हर्नर

सौदीतल्या बुरैद्याच्या हॉस्पिटलात मी नर्स आहे. तिथे खजुराची शेती करणारे एक म्हातारे दाखल झाले. त्यांना अरबीशिवाय काही येत नाही, असं मुलाने सांगितलं होतं. तापात मात्र ते इंग्रजीत बोलायचे, जुन्या, भारदस्त इंग्रजीत.

त्या बोलण्यात पहिल्या दिवशी ते वकील होते. मग लढाईवर गेले, निवडणूक जिंकले आणि चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःचं नाव घेऊन गव्हर्नरपदाची शपथ घेतली. नाव अमेरिकन होतं.

मी सलाईन लावून निघताना त्यांना मराठीत म्हणायचे, "बाबा, झोपा आता." माझी जुनी सवय. पेशंटला भाषा कळत नसली तरी सूर कळतो.

त्या रात्री रूमवर येऊन ते नाव मोबाइलवर शोधलं. त्या नावाचा गव्हर्नर अमेरिकेत दोनशे वर्षांपूर्वी खरंच होऊन गेला होता. पदावर असतानाच तापाने गेला. आजारपणात त्याला रोज एक परकी बाई दिसायची आणि जाताना एकच वाक्य बोलायची. ते त्याने आपल्या मुलीला ऐकवलं होतं. शेवटच्या दुपारी ते ऐकून तो झोपला, तो उठलाच नाही.

खाली ते वाक्य रोमन अक्षरांत छापलं होतं. बाबा, झोपा आता.

सकाळी मी सुपरवायझर तबस्सुमकडे वॉर्ड बदलून मागितला.

"माणसं कुठायत, क्षमा?" ती म्हणाली. "जा, तुझे बाबा वाट बघतायत."

दुपारी सलाईन लावलं. ते माझ्याकडेच बघत होते. मी ओठ घट्ट मिटले आणि दाराकडे वळले.

मागून माझाच आवाज आला, "बाबा, झोपा आता."