ताईच्या आधी

या, जरा जवळ सरका, मायबाप. एक गोष्ट सांगतो, पण कारण मात्र विचारू नका.

ताई परगावी, मी इथे. डोळ्यांवर आभासी जग दाखवणारा जाड चष्मा चढवून आम्ही संगणकातल्या एकाच खोलीत भेटायचो. तिथे आमच्या जागी, आम्ही हलू तशा हलणाऱ्या दोन बाहुल्या वावरत. ताईची इंटरनेटची लाईन संथ, म्हणून तिची बाहुली अडखळायची. मी प्रोग्रामर, ताईची पुढची हालचाल ताडून बाहुलीला आधीच हलवणारा प्रोग्राम लिहिला. तो निमिषभर पुढे असायचा, आणि कधी चुकला नाही.

एका दुपारी बोलता बोलता तिची बाहुली जमिनीवर कोसळली.

“ताई, पडलीस?”

“मी? चांगली ठणठणीत उभी आहे! डोळे गेले वाटतं तुझे.”

मी तो अंदाज बांधणारा प्रोग्राम बंद केला. आता बाहुलीने ताई करेल तेवढंच करायला हवं होतं. ती पडूनच राहिली.

“ताई, खाली बस. ऐक माझं.”

“बसते रे, शहाण्या. बेल वाजतेय, चष्मा कपाळावर सरकवून दार उघडते आधी.”

तिची पावलं दाराकडे जाताना ऐकू आली. बाहुली उठली नाही.

मग पावलं थांबली, आणि बेल वाजतच राहिली.

आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा माझ्या ताईची आठवण ठेवा.